बिनतारी राउटर : कोणता ‘मोड’ निवडावा?



आजच्या विषयाला वाङ्मयाचे किंवा तत्त्वज्ञानाचे वलय नाही. आपल्या बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या मागे धूळ खात बसलेल्या एका लहानशा पेटीचा हा विषय आहे. तिला दोन-चार शिंगे असतात, अंगावर हिरवे दिवे लुकलुकत असतात, आणि तिचे काम बिनबोभाट चालले आहे तोवर घरात तिची कोणी विचारपूस करीत नाही. मग एके दिवशी मुलीची परीक्षा संगणकावर असते, किंवा आजोबांना डॉक्टरांनी पडद्यावर भेटण्याची वेळ दिलेली असते, आणि नेमके त्याच वेळी चित्र गोठते. घरातला जाणता मुलगा ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ असा काहीसा आकडा टाकून त्या पेटीच्या अंतर्गृहात शिरतो. तेथे ‘वायरलेस मोड’ या नावाखाली त्याला एक यादी दिसते : फक्त बी, फक्त जी, फक्त एन, बी-जी मिश्र, बी-जी-एन मिश्र, आणि शेजारच्या पानावर ए, एन, एसी, एएक्स. ही मुळाक्षरे पाहून तो बुचकळ्यात पडतो आणि जे शेवटी असेल ते उत्तम असावे असे धरून ते निवडतो. पुष्कळदा वेग होता तेवढाच राहतो, आणि वर घरातला प्रिंटर मात्र अबोला धरतो.

ही यादी म्हणजे पंख्याच्या रेग्युलेटरसारखी वेगाची कळ आहे, अशी बहुतेकांची समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. घरातल्या कोणकोणत्या उपकरणांशी बोलावयाचे, आणि त्यांतल्या सर्वांत सावकाश बोलणाऱ्यासाठी बाकीच्यांनी किती थांबावयाचे, असा प्रश्न ती यादी आपणांस विचारीत असते. हे एकदा ध्यानात आले म्हणजे उत्तर फारसे कठीण राहत नाही. परंतु त्यासाठी ही मुळाक्षरे आली कोठून, हे थोडक्यात पाहिले पाहिजे.

बिनतारी लहरी म्हटल्या की त्यांवर सरकारचा परवाना आला, हे रेडिओचा परवाना काढावयास टपाल कचेरीत गेलेल्या पिढीला सांगावयास नको. १९८५ साली अमेरिकेत तेथील दळणवळण आयोगाने काही पट्टे विनापरवाना वापरास मोकळे केले. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा त्यांपैकी एक. आपल्या स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टी याच पट्ट्यात काम करते. म्हणून भट्टी चालू असताना शेजारच्या खोलीतले वाय-फाय अडखळले, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही. भारतात हा पट्टा २००५ साली परवान्यातून मुक्त झाला, आणि २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचे एकूण ६०५ मेगाहर्ट्झ घरात व बाहेरही वापरण्यास मोकळे करण्यात आले.

या पट्ट्यांवर यंत्रांनी एकमेकांशी कसे बोलावे याचे नियम ‘आयईईई’ ही अभियंत्यांची संस्था ठरविते. त्या नियमग्रंथाचा क्रमांक ८०२.११. पहिली आवृत्ती १९९७ ची. तिचा वेग सेकंदाला अवघे १ ते २ मेगाबिट. १९९९ मध्ये दोन पुरवण्या निघाल्या : ‘ए’ आणि ‘बी’. ‘बी’ २.४ च्या पट्ट्यात ११ मेगाबिटपर्यंत जाई, ‘ए’ ५ च्या पट्ट्यात ५४ पर्यंत. २००३ मध्ये ‘जी’ने तोच ५४ चा वेग २.४ मध्ये आणला. २००९ चा ‘एन’ दोन्ही पट्ट्यांत चालतो आणि अनेक अँटेनांचा एकाच वेळी उपयोग करून, निदान कागदावर, ६०० पर्यंत पोहोचतो. २०१३ चा ‘एसी’ केवळ ५ च्या पट्ट्यातला. २.४ च्या पानावर ‘एसी’ दिसत नाही म्हणून राउटर सदोष आहे असे समजून दुकानदाराशी भांडणारे गृहस्थ असतात. त्यांनी हे लक्षात घ्यावे. त्यानंतर २०२१ मध्ये मंजूर झालेला ‘एएक्स’, तो पुन्हा दोन्हीकडे चालणारा. २०१८ साली वाय-फाय अलायन्स या उत्पादकांच्या संघाने सामान्य माणसाची दया येऊन एनला ‘वाय-फाय ४’, एसीला ‘५’ आणि एएक्सला ‘६’ अशी सुटसुटीत नावे दिली. २०२४ पासून ‘वाय-फाय ७’चा शिक्का असलेली यंत्रेही येऊ लागली. राउटरच्या अंतर्गृहात मात्र अजून पुष्कळ ठिकाणी जुनी मुळाक्षरेच नांदत आहेत.

आता मुद्द्याकडे येऊ. तारेच्या जाळ्यात प्रत्येकाची तार वेगळी असते. बिनतारी जाळ्यात वाट एकच, ती सर्वांची सामाईक. एका चॅनेलवर एका क्षणी एकानेच बोलावयाचे. बाकीच्यांनी ऐकावयाचे आणि शांतता झाली की आपली पाळी साधावयाची, असा मूळ नियम आहे. ‘एएक्स’ने एकाच वेळी अनेकांना थोडे थोडे वाटून देण्याची युक्ती आणली, परंतु ती समजणारी यंत्रे दोन्ही टोकांना असतील तरच.

चाळीतला सामाईक नळ आठवा. रांग लागली आहे आणि प्रत्येकाने एका पाळीत एकच भांडे भरावयाचे असा रिवाज आहे. सगळ्यांच्या भांड्यांत पाणी सारखेच मावते. परंतु कोणाची रुंद तोंडाची कळशी आहे, ती भडाभड भरते, आणि एका आजीबाईंची अरुंद गळ्याची सुरई आहे, तिच्यात धार अगदी बारीक सोडावी लागते. रिवाज ‘एका पाळीला एक भांडे’ असा आहे, ‘एका पाळीला एक मिनिट’ असा नाही. म्हणून आजीबाईंवर अन्याय होत नाही, परंतु सकाळची अर्धीअधिक वेळ त्या एका सुरईपायी जाते आणि कळशीवाल्यांना आपली कळशी रुंद असल्याचा काहीच लाभ होत नाही.

राउटरच्या रांगेत हेच घडते, आणि ते आकड्यांनी पाहता येते. माहितीचे एक पूर्ण पुडके सुमारे १५०० बाइटचे, म्हणजे १२,००० बिटांचे असते. ५४ मेगाबिटने बोलणाऱ्या यंत्राला ते पाठविण्यास सेकंदाचा हजारावा भाग असे ०.२२ भाग लागतात. १ मेगाबिटने बोलणाऱ्याला असेच १२ भाग. दोघे आळीपाळीने एकेक पुडके पाठवू लागले, तर एका फेरीस १२.२२ भाग लागणार. त्या फेरीत प्रत्येकाचे एकच पुडके जाते. हिशेब केला तर ५४ वेगाच्या यंत्रालाही प्रत्यक्षात सेकंदाला एक मेगाबिटपेक्षा कमीच मिळते. मधले विराम व पोचपावत्यांचा वेळ मी यात धरलेला नाही; तो धरला तर स्थिती आणखी वाईट. ‘इतका महाग राउटर आणला तरी हे असे का?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ घरांत या एका भागाकारात दडलेले असते.

नव्या पिढ्यांनी यावर उपाय काढले आहेत. ‘एन’पासून पुढे एका पाळीत अनेक पुडकी एकत्र बांधून पाठविता येतात, आणि काही राउटरांत पाळी पुडक्यांऐवजी वेळेवर मोजण्याची सोय असते, तिला ‘एअरटाइम फेअरनेस’ म्हणतात. तरीही सुरई रांगेत आहे तोवर तिचा भार पडणारच.

‘बी’च्या बाबतीत एक अडचण आणखी आहे. ‘जी’ आणि त्यानंतरच्या यंत्रांची बोलण्याची ढबच वेगळी आहे; ‘बी’ यंत्राला ती भाषा म्हणून ओळखूच येत नाही, नुसता गोंगाट वाटतो. एखाद्या सभेत एकाच गृहस्थाला बाकीच्यांची भाषा समजत नसावी, आणि त्याने मध्येच बोलू नये म्हणून प्रत्येक वक्त्याने आधी त्याच्या भाषेत ‘आता मी इतका वेळ बोलणार आहे, आपण स्वस्थ बसावे’ असे सांगून मग भाषण करावे, तसा प्रकार होतो. एक ‘बी’ यंत्र जाळ्यात आले की बाकीची सर्व यंत्रे आपल्या भरधाव बोलण्याआधी अशी मंद दवंडी पिटू लागतात. त्या यंत्राने दिवसभरात एक पान छापले तरी दवंडी दिवसभर चालू राहते.

इतके कशाला, घरात एकही ‘बी’ यंत्र नसले तरी यादीत ‘बी’ ठेवल्याची किंमत द्यावी लागते. ‘मी येथे आहे’ असे प्रत्येक राउटर सेकंदाला सुमारे दहा वेळा पुकारतो. ‘बी’ला सोबत घेतलेले असेल तर ही पुकार सहसा सर्वांत मंद, म्हणजे १ मेगाबिटच्या वेगाने होते, कारण ती सर्वांना कळली पाहिजे. समजा ही पुकार अडीचशे बाइटची आहे. मग एकेका पुकारीला सेकंदाचे दोन हजारांश भाग लागतील आणि दहा पुकारींना वीस. म्हणजे शंभरातले दोन भाग नुसत्या नाव सांगण्यात गेले. एका घरापुरते हे किरकोळ आहे. परंतु सहकारी सोसायटीच्या इमारतीत एकाच चॅनेलवर असे दहा राउटर ऐकू येत असतील, तर कोणीही एक अक्षर वाचण्यापूर्वी सामाईक वाटेचा पाचवा हिस्सा संपलेला असतो. पाहुण्यांसाठी दुसरे नाव सुरू केले की पुकारही दुप्पट. ‘बी’ काढून टाकला की पुष्कळ राउटरांत ही पुकार ६ मेगाबिटने होऊ लागते आणि सर्वांत मंद बोलण्याची मर्यादाही तेवढीच वर सरकते. नळाच्या भाषेत, सुरईचा गळा सहापट रुंद होतो.

म्हणून २.४ च्या पानावर माझे मत स्पष्ट आहे : ‘बी’ला निरोप द्यावा आणि ‘जी-एन मिश्र’, किंवा सोय असेल तर ‘जी-एन-एएक्स मिश्र’ ठेवावे. निव्वळ ‘बी’ समजणारी यंत्रे बहुतेक २००३ पूर्वीची किंवा त्या सुमाराची. ती आज फारच थोड्या घरांत उरली आहेत. राउटर बनविणारे मात्र कारखान्यातून ‘बी-जी-एन मिश्र’ असेच लावून पाठवितात. यात त्यांचा दोष म्हणता येणार नाही. एखाद्याचे जुने यंत्र जोडले गेले नाही तर तक्रार त्यांच्याकडे येते, आणि शेजाऱ्याची वाट अडली तर कोणाकडेच येत नाही.

परंतु ‘फक्त एन’ किंवा ‘फक्त एएक्स’ असा सोवळेपणा पत्करू नये. ‘जी’चा त्रास ‘बी’च्या मानाने बराच कमी आहे, आणि ‘जी’पर्यंतच शिकलेले प्रिंटर पुष्कळ कचेऱ्यांतून व घरांतून अजून इमानाने छपाई करीत आहेत. दारावरची घंटा, आवारातला कॅमेरा, वायफायचे दिवे आणि प्लग यांतले बहुसंख्य केवळ २.४ च्या पट्ट्यात, बी-जी-एन एवढेच बोलतात. त्यांची शक्ती तेवढ्यापुरतीच असते आणि त्यांचे कामही तेवढेच असते. घरी एकट्या राहणाऱ्या आईसाठी मुलाने परगावाहून पाहता येईल असा कॅमेरा बसविलेला असावा, आणि वेगाच्या हौसेने कोणी एक कळ फिरवल्यामुळे तो चार दिवस आंधळा राहावा, ही काही दूरची कल्पना नव्हे. चित्रपट दोन क्षण लवकर सुरू होण्यासाठी एवढी किंमत मोजणे मला पटत नाही.

सुदैवाने अशी निवड करण्याची वेळ आज सहसा येत नाही, कारण बहुतेक राउटरांत दोन पट्टे स्वतंत्रपणे चालतात. २.४ ची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची, ५ ची साधारण पाच ते सहा. लांब लहर भिंतीतून अधिक चांगली पार होते; आखूड लहर भिंतीत लवकर थकते. जुन्या वाड्याची दोन हात जाडीची दगडी भिंत असो की लोखंडी सळ्यांचे काँक्रीट असो, ५ गिगाहर्ट्झचा जोर एक-दोन भिंतींपलीकडे झपाट्याने ओसरतो. परंतु हाच तिचा गुणही आहे : शेजाऱ्याच्या लहरीही आपल्याकडे तितक्याच कमी येतात, आणि हा पट्टा पुष्कळ रुंद आहे. तेव्हा लॅपटॉप, टीव्ही, नवे फोन ही जलद व जवळची मंडळी ५ च्या पट्ट्यावर, तेथे ‘एन-एसी-एएक्स मिश्र’. आणि मंद, दूरची किंवा वयस्क यंत्रे २.४ वर. रुंद कळश्यांना वेगळा नळ मिळाला की सुरईवाल्या आजीबाईंना घाई करावी लागत नाही.

दोन्ही पट्ट्यांना एकच नाव द्यावे की वेगवेगळे, यावर जाणकारांतही मतभेद आहेत. एक नाव दिले तर फोन आपला आपण पट्टा निवडतो. हे सोयीचे खरे. परंतु काही दिवे व प्लग पहिल्या जोडणीच्या वेळी अडून बसतात, कारण हातातला फोन ५ वर असतो आणि दिव्याला ५ ऐकूच येत नाही. अशी उपकरणे घरात असतील तर निदान जोडणीपुरते २.४ ला वेगळे नाव द्यावे.

त्याच पानावर ‘चॅनेल विड्थ’ म्हणजे वाटेची रुंदी विचारलेली असते : २० की ४०. येथेही मोठा आकडा निवडण्याचा मोह होतो. २.४ चा सगळा पट्टा भारतात साडेत्र्याऐंशी मेगाहर्ट्झचा. त्यात २० रुंदीच्या, एकमेकींच्या पायांत न येणाऱ्या वाटा तीनच बसतात : १, ६ आणि ११ क्रमांकांच्या. ४० लावणारा गृहस्थ एकटाच जवळजवळ अर्धा रस्ता व्यापतो. आणि शेजारीही तेच करतात तेव्हा कोणालाच ४० मिळत नाहीत, नुसती टक्कर वाढते. इमारतीत राहणाऱ्याने २.४ वर २० च ठेवावे. आणि १ व ६ वर गर्दी आहे म्हणून ३ किंवा ४ हा क्रमांक घेऊ नये. तसे करणारा दोन्हीकडच्या बोलण्यात व्यत्यय आणतो आणि स्वतःही दोन्हीकडचा गोंगाट ऐकतो. मोकळ्या बंगल्यात शेजार दूर असेल तर ४० ला माझी हरकत नाही. ५ च्या पट्ट्यात ८० सहज चालते.

यापुढचा मुद्दा कुलपाचा. त्याचा वेगाशी संबंध असेल असे कोणाला वाटत नाही, पण तो आहे. ‘वेप’ नावाचे जुने कुलूप कसे उघडते हे २००१ सालीच तज्ज्ञांनी दाखवून दिले. त्यावर तात्पुरती डागडुजी म्हणून २००३ मध्ये ‘टीकेआयपी’ आले, आणि २००४ मध्ये ‘डब्ल्यूपीए२’ बरोबर ‘एईएस’ हे भक्कम कुलूप. ‘एन’ आणि त्यापुढील पिढ्यांचे नियम असे की जलद वेग जुन्या कुलपांबरोबर वापरावयाचाच नाही. म्हणून मोड ‘एन’ असूनही कुलूप ‘वेप’ किंवा ‘टीकेआयपी’ असेल, तर यंत्र मुकाट्याने ५४ वर उतरते, आणि घरधनी राउटर बदलण्याच्या गोष्टी बोलू लागतो. ‘डब्ल्यूपीए२-एईएस’ हे आजचे किमान. २०१८ मध्ये आलेले ‘डब्ल्यूपीए३’ अधिक चांगले, परंतु जुन्या यंत्रांना ते उमगत नाही, म्हणून दोहोंचे मिश्रण असलेला पर्याय ठेवावा. ‘वेप’खेरीज काहीच न समजणारे उपकरण असेल, तर त्याच्यापायी सगळ्या घराचे दार कच्चे ठेवणे योग्य नव्हे. ते काढून टाकावे किंवा तारेने जोडावे.

खोक्यावरच्या आकड्यांविषयीही दोन शब्द सांगतो. ‘एसी १२००’ म्हणजे २.४ चे ३०० आणि ५ चे ८६७ यांची बेरीज करून वर थोडे गोल केलेले. एक फोन सहसा एका वेळी एकाच पट्ट्यावर असल्याने ही बेरीज बहुधा त्याच्या वाट्याला येत नाही. आणि एका पट्ट्यावरही छापील आकड्याच्या निम्मे हाती लागले तर समाधान मानावे. शिवाय बाहेरून येणारी जोडणीच ५० मेगाबिटची घेतलेली असेल, तर घरातली वाट कितीही रुंद केली तरी इंटरनेट ५० च्या वर जाणार नाही. आणि नवाकोरा फोनसुद्धा तीन भिंतींपलीकडे नेला की सर्वांत मंद वेगावर उतरून स्वतःच सुरई होऊन बसतो. अशा वेळी मोड बदलून काही साधत नाही. राउटर टीव्हीच्या मागून काढून घराच्या मध्यावर, उंच जागी ठेवावा लागतो.

बदल करावयाचा तो घरात कोणाचे काम चालू नसताना करावा, आणि आधीचे सर्व पर्याय एका कागदावर उतरवून ठेवावे. शक्य असेल तर राउटरला तारेने जोडलेल्या संगणकावरून करावा, कारण मोड बदलताच बिनतारी जोडणी क्षणभर तुटते. मग घरातील एकेक उपकरण हातात घेऊन पाहावे; घंटा, कॅमेरा, प्रिंटर, गिझरचा प्लग, काही विसरू नये. ‘एएक्स’ सुरू केल्यावर एखाद्या जुन्या लॅपटॉपला जाळ्याचे नावच दिसेनासे झाले, तर राउटर बिघडला असे समजू नये. त्या लॅपटॉपच्या वाय-फाय कार्डाचा ड्रायव्हर जुना असतो. तो नवा घातला की नाव पुन्हा दिसू लागते. तोवर ज्या पट्ट्यावर तो लॅपटॉप चालतो, तेथील ‘एएक्स’ बंद ठेवावा.

आणि जी यंत्रे जागची हलत नाहीत, म्हणजे भिंतीवरचा टीव्ही, मेजावरचा संगणक, तो मघाचा प्रिंटर, त्यांना मागे तारेची खाच असेल तर सरळ तार जोडावी. दहा मीटर तारेला फारसे पैसे पडत नाहीत, आणि तेवढी मंडळी रांगेतून कायमची उठतात.